घरातल्या आवाजाची पट्टी

१९५० च्या दशकात लंडनच्या मनोरुग्णालयांमध्ये एक नवीच हालचाल सुरू झाली होती. क्लोरप्रोमाझिन हे औषध हाताशी आलं होतं आणि वर्षानुवर्षं वॉर्डात पडून असलेली माणसं घरी जाऊ लागली होती. घरी गेलेल्यांचं पुढे काय होतं ते बघायचं, एवढंच काम जॉर्ज ब्राउन या तरुण समाजशास्त्रज्ञाकडे आलं. दोनशेहून अधिक पुरुष, त्यातले बहुतेक स्किझोफ्रेनियाचे. कोण टिकतो, कोण परत भरती होतो याच्या नोंदी जमत गेल्या आणि त्यातून निघालेली गोष्ट कुणाच्याच अंदाजात बसणारी नव्हती. आईकडे किंवा बायकोकडे परतलेले रुग्ण पुन्हा रुग्णालयात येण्याचं प्रमाण जास्त होतं. भाड्याच्या खोलीत एकटे राहणारे, भावाबहिणीकडे गेलेले त्यामानाने बरे राहत होते. आणखी एक बारीक धागा होता: आईजवळ राहणाऱ्यांमध्येसुद्धा आई किंवा मुलगा दिवसा कामावर जात असेल, तर परत भरती व्हायची वेळ कमी यायची.

यावरून आईला दोषी ठरवणं फार सोपं होतं, आणि त्या काळाची हवाही तशीच होती. फ्रीडा फ्रॉम-राइखमान या मनोविश्लेषक बाईंनी १९४८ साली, आईच्या वागण्यामुळे मुलाला स्किझोफ्रेनिया होतो, अशी कल्पना मांडली होती. ती पुढे पार मोडीत निघाली, पण तोवर कित्येक आयांनी तो ठपका निमूटपणे सोसला. ब्राउन त्या वाटेनं गेला नाही. एकाच छपराखाली दिवसभर राहणाऱ्या या माणसांमध्ये रोज नेमकं घडतं काय, हे त्याला बघायचं होतं.

मायकेल रटर या सहकाऱ्याबरोबर त्यानं मुलाखतीची एक पद्धत बसवली. पुढे ती कॅम्बरवेल फॅमिली इंटरव्ह्यू या नावानं ओळखली जाऊ लागली. रुग्ण समोर नसताना त्याच्या जवळच्या नातेवाइकाशी निवांत बोलायचं आणि ते सगळं टेपवर घ्यायचं. प्रश्न अगदी साधे: गेल्या तीन महिन्यांत घरात कसं चाललं होतं, जेवण, झोप, पैसे, भांडणं. नंतर प्रशिक्षित माणूस ती टेप पुन्हा पुन्हा ऐकतो आणि मोजतो. शब्दांइतकाच तो आवाज ऐकत असतो. ‘आजही त्यानं अंघोळ केली नाही’ हे वाक्य कागदावर लिहिलं तर त्यात काळजी आहे की वैताग, हे सांगता येणार नाही. कानावर पडलं की क्षणात कळतं. ‘आजही’वरचा तो दाब, ‘नाही’पाशी घसरलेला किंवा चढलेला स्वर, मध्येच सुटलेला उसासा. टीकेची वाक्यं किती आली, तिटकारा आहे का, जिव्हाळा किती आहे, कौतुकाचा एखादा शब्द निघाला का, हे सगळं नोंदलं जायचं. आणखी एक गोष्टही मोजली जायची, जी आपल्याकडे गुण म्हणून गणली जाते: स्वतःचं सगळं आयुष्य बाजूला ठेवून रुग्णाला एक क्षणही नजरेआड न होऊ देणं.

१९७२ साली ब्राउन, बर्ली आणि विंग यांनी १०१ रुग्णांचे निष्कर्ष छापले. ज्या घरांत टीका, तिटकारा किंवा ही अति गुंतवणूक जास्त होती, तिथल्या ५८ टक्के रुग्णांचा आजार नऊ महिन्यांत उलटला. इतर घरांत हेच प्रमाण १६ टक्के होतं. क्रिस्टिन वॉन आणि ज्युलियन लेफ यांनी १९७६ मध्ये वेगळे रुग्ण घेऊन हे पुन्हा तपासलं आणि चित्र तेच आलं. टेपवर ऐकलेल्या काही तासांच्या बोलण्यावरून पुढच्या नऊ महिन्यांचा अंदाज बांधता येत होता. मला यातली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट ही वाटते, की मुलाखतीत रुग्णाची तपासणी कुठेच नव्हती. तपासलं गेलं होतं ते त्याच्या अवतीभवतीचं हवामान.

ते हवामान शरीरात शिरतं, याचाही पुरावा लवकरच मिळाला. १९७९ साली निकोलस टॅरियर आणि सहकारी यंत्र घेऊन रुग्णांच्या घरी गेले. माणूस आतून ताणात असला की त्याच्या त्वचेतून वीज वाहण्याचं प्रमाण सूक्ष्मपणे वरखाली होत राहतं. ते या यंत्रावर दिसतं. सुरुवातीला खोलीत नातेवाईक नव्हता आणि सगळेच रुग्ण सारखे ताणात होते. साहजिकच आहे, अनोळखी माणसं, तारा, यंत्र. मग नातेवाईक आत आला. टीकेचा सूर नसलेल्या घरातला माणूस येऊन बसला की रुग्णाची रेघ हळूहळू शांत होऊ लागायची. दुसऱ्या प्रकारच्या घरात ती तशीच चढलेली राहायची. म्हणजे आपलं माणूस नुसतं शेजारी येऊन बसणं हेसुद्धा मज्जासंस्थेला निवांत करू शकतं. टीकेच्या सुरामुळे होणाऱ्या त्रासाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. मला मात्र या प्रयोगातली ती शांत होत जाणारी रेघ जास्त मोलाची वाटते.

आता खरा प्रश्न. हे नातेवाईक दुष्ट होते का? मुळीच नाही. टेपा नीट ऐकल्यावर लक्षात आलं की टीकेचा मोठा भाग भास-संशयांवर नव्हताच. मुलाला कानात आवाज ऐकू येतात, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असं त्याला वाटतं, हे घरच्यांना आजार म्हणून कळत होतं. त्याबद्दल ते घाबरायचे, रडायचे, पण रागवायचे कमी. राग यायचा तो दुसऱ्याच गोष्टींचा: दुपारी बारापर्यंत लोळतो, बोललं तर हूं नाही की चूं नाही, चार चार दिवस तेच कपडे, कुणी आलं की आत जाऊन बसतो. आपल्याकडच्या घरांत याला ठरलेले शब्द आहेत: आळशी झालाय, माजलाय, नाटकं करतोय, मनावर घेतलं तर सगळं जमेल.

पण स्किझोफ्रेनियाचा हाच भाग चिवट असतो. भास आणि संशय हे या आजाराचं वरून दिसणारं तोंड. त्यामागे इच्छा, उमेद, बोलण्याचा ओघ, चेहऱ्यावरचे भाव आटत जाणं असतं. औषधांनी भास पुष्कळदा ओसरतात, हे आटलेपण मात्र तेवढ्या सहज भरून येत नाही. त्यात औषधांची गुंगीही मिसळते. म्हणजे घरच्यांना जो आळस दिसतो तोच बहुतेक वेळा आजार असतो आणि तो आजारासारखा दिसत नाही. पायाला प्लास्टर असलेल्या मुलावर ‘ऊठ, पाणी आण’ म्हणून कुणी ओरडत नाही. इथे प्लास्टर दिसत नाही एवढाच फरक. वागणं मुद्दाम आहे असं जे नातेवाईक मानतात ते जास्त टीका करतात, आजारामुळे होतंय असं समजणारे कमी करतात, हे पुढच्या संशोधनांत वारंवार आढळलं.

रुग्णाला आणि घरच्यांना आजार समजावून देणं, म्हणजे मनोशिक्षण, त्याची किल्ली नेमकी इथे आहे. ‘रागावू नका’ असं सांगून कुणाचा राग जात नाही. समज बदलली तर सूर आपोआप उतरतो. एखादी माहिती, जी पुस्तकात छापली तर पानभर होईल, ती योग्य वेळी, योग्य माणसाकडून, पुन्हा पुन्हा कानावर पडली, तर कुणा दुसऱ्याच्या मेंदूतला आजार उलटण्याची शक्यता घटते. औषधाचा रेणू रक्तातून मेंदूत जाऊन परिणाम करतो हे आपण सहज मान्य करतो. समजुतीचा हा प्रवास बापाच्या कानातून त्याच्या जिभेवर आणि तिथून मुलाच्या झोपेपर्यंत होतो. तो मोजता येतो हे मला कधी जुनं वाटत नाही.

हे पद्धतशीर उभं केलं ते पिट्सबर्गमध्ये कॅरल अँडरसन, जेरार्ड होगार्टी आणि डग्लस रिस यांनी. १९८० साली त्यांनी आपली पद्धत मांडली आणि तिला मनोशिक्षण हे नाव दिलं. उपचाराच्या सुरुवातीलाच अनेक कुटुंबांना एकत्र बोलावून दिवसभराची कार्यशाळा घ्यायची. आजार म्हणजे काय, मेंदूत काय होतं, औषधं काय करतात आणि काय करू शकत नाहीत, आणि हे तुमच्यामुळे झालेलं नाही. वर्षानुवर्षं ठपका सोसलेल्या आईबापांना एखाद्या तज्ज्ञानं हे तोंडावर सांगणं म्हणजे काय, याची आपण कल्पनाच करावी. मध्ये जेवणाची सुट्टी, आणि त्या सुट्टीत प्रथमच असा कुणीतरी भेटायचा ज्याच्या घरी हेच चाललेलं आहे. त्यानंतर महिनोन्‌महिने नियमित भेटी.

१९८६ साली निकाल आले. टीकेचा सूर जास्त असलेल्या घरांतले १०३ रुग्ण, सगळ्यांना औषधं चालू. नुसत्या औषधांवर आणि नेहमीच्या आधारावर असलेल्यांपैकी ४१ टक्के जणांचा आजार वर्षभरात उलटला. कुटुंबाला मनोशिक्षण मिळालं तिथे १९ टक्के. रुग्णाला लोकांशी वागण्या-बोलण्याची कौशल्यं शिकवली तिथे २० टक्के. आणि दोन्ही मिळालं तिथे शून्य. वैद्यकात शून्य क्वचितच दिसतं. दुसऱ्या वर्षी ते शून्य टिकलं नाही, हेही सांगायला हवं. पण घरच्यांना शिकवण्याचा फायदा तेव्हाही दिसत होता.

औषधाला हा पर्याय आहे असा समज कुणी करून घेऊ नये. ६५ चाचण्या एकत्र करून २०१२ साली केलेल्या पाहणीत, औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी २७ टक्के जणांचा आजार वर्षभरात उलटला, औषध थांबवलेल्यांचा ६४ टक्के. गोळ्या हा पाया आहेच. पण त्या रोज पोटात जातात की उशीखाली, हेही शेवटी समजेवरच ठरतं. बरं वाटलं की गोळी कशाला, हा प्रश्न कुणालाही पडतो. तोंडाला कोरड पडते, वजन वाढतं, हात थरथरतात, झोप जास्त येते. हे औषधामुळे होतंय, डॉक्टरांना सांगितलं तर मात्रा किंवा औषध बदलता येतं, हे ज्याला कुणी नीट सांगितलेलंच नाही तो गोळी गुपचूप बंद करतो. पुढचे काही आठवडे त्याला खरोखर हलकं वाटतं. आजार उलटतो तो नंतर, आणि म्हणून दोन गोष्टींचा संबंध त्याच्या लक्षातच येत नाही.

मनोशिक्षणाच्या वर्गात बसलं की शिकवण्यातला बारकावा दिसतो. मुलगा म्हणतो, समोरच्या इमारतीतले लोक माझ्याबद्दलच बोलतात. घरचे दोन चुका करतात. एक तर ‘काहीतरीच काय, कुणी बोलत नाही’ म्हणून वाद घालतात, नाही तर त्याची समजूत काढायला ‘हो हो, बघतो त्यांच्याकडे’ म्हणतात. वाद घातला की तो एकटा पडतो, हो म्हटलं की संशयाला बळ मिळतं. शिकवतात ते असं: मला तसं काही ऐकू येत नाही, पण तुला ऐकू येतंय आणि त्याची भीती वाटतेय हे मला दिसतंय. बोलायचं संशयाबद्दल नाही, भीतीबद्दल. मग छोटी वाक्यं, एका वेळी एकच सूचना. घरात वरच्या पट्टीतली भांडणं कमी, टीव्हीचा आवाज कमी. कुणाला थोडा वेळ एकटं बसावंसं वाटलं तर बसू द्यायचं. आणि कामाची अपेक्षा सोडायची नाही, फक्त तिचा आकार लहान करायचा. आज ताट उचलून ठेवलं, एवढं पुरे.

मग येते धोक्याच्या खुणांची यादी, जी मला सगळ्यात उपयोगाची वाटते. मार्व्हिन हर्झ आणि चार्ल्स मेलव्हिल यांनी १९८० साली विचारून पाहिलं, तर आजार उलटण्याआधी काहीतरी बदललं होतं असं ७० टक्के रुग्णांना आणि ९३ टक्के घरच्यांना आठवत होतं. झोप मोडणं, जेवणावरची वासना जाणं, अस्वस्थपणा, लक्ष न लागणं, माणसांत मिसळणं कमी होणं. म्हणजे वादळ येण्याआधी वारा पडतो हे घरातल्या जवळपास सगळ्यांना दिसलेलं असतं, फक्त त्याचा अर्थ कुणी सांगितलेला नसतो. प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या असतात. एकाला रात्री दोनला चहा करावासा वाटू लागतो, एक जण अचानक खूप पोथ्या वाचू लागतो, एखादी बाई मोबाइल कपाटात ठेवून कुलूप लावते. त्या कागदावर उतरवायच्या, खाली डॉक्टरांचा नंबर लिहायचा आणि फ्रिजवर लावायचं. हे काम रुग्णासोबत बसूनच करायचं असतं, त्याच्या पाठीमागे नाही. नाहीतर ती यादी म्हणजे त्याच्यावरची नवी पाळत होते.

हे शिक्षण मुळात रुग्णाचंच आहे, हे आपण विसरतो. म्युनिकमध्ये याच विचारानं रुग्णांचा गट वेगळा आणि नातेवाइकांचा वेगळा ठेवला. दोन्हीकडे आठ बैठका. २३६ रुग्णांची ही चाचणी होती. दोन वर्षांत नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ५८ टक्के जणांना पुन्हा भरती व्हावं लागलं, शिकलेल्यांपैकी ४१ टक्के. त्यातल्या काही जणांना सात वर्षांनी शोधून काढलं तेव्हा फरक आणखी रुंदावलेला होता: ८८ टक्के विरुद्ध ५४. संख्या लहान होती, पण आठ बैठका आणि सात वर्षं! अशा गटात बसलेला माणूस जेव्हा म्हणतो की टीव्हीवरची बाई माझ्याशीच बोलते असं मला वाटायचं, तेव्हा इतका वेळ खाली मान घालून बसलेली दुसरी कुणीतरी मान वर करते. आपल्या डोक्यात जे चाललं होतं ते जगात फक्त आपल्यालाच घडलं, ही समजूत तिथे सुटते.

२०११ साली कोक्रेन संस्थेच्या समीक्षेत ४४ चाचण्या आणि ५१४२ माणसं एकत्र मोजली गेली. साधारण नऊ जणांना शिकवलं की एकाचा आजार उलटणं टळतं, असा हिशेब निघाला. सगळ्या चाचण्या पक्क्या नव्हत्या, हे समीक्षकांनीच नोंदवलं. एक-दोन भाषणांनी माहिती वाढते, पण आजार उलटण्यावर फारसा फरक पडत नाही, हेही दिसलंय. काम महिने मागतं. आणखी एक जपायची गोष्ट आहे. आपल्याला काय झालंय हे कळल्यावर काही जण खचतात, जगण्याची इच्छा गमावतात. म्हणून आजाराचं नाव सांगितलं त्याच बैठकीत, याच आजारासह नोकरी करणारी, संसार करणारी माणसं आहेत हेही सांगायला हवं. आशा पुढच्या बैठकीसाठी राखून ठेवायची नसते.

आपल्याकडची या कामाची गोष्ट तर पिट्सबर्गच्याही आधीची आहे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर अधीक्षक होते. वॉर्ड खच्चून भरलेले. त्यांनी सैन्याकडून तंबू मिळवले, रुग्णालयाच्या आवारात उभारले आणि नातेवाइकांना रुग्णासोबत तिथेच राहायला सांगितलं. मग सगळ्यांना एकत्र बसवून ते आजाराबद्दल त्यांच्या भाषेत, त्यांच्या ओळखीच्या कथा सांगत बोलायचे. माणसं बरी होऊन त्याच नातेवाइकांबरोबर घरी परतू लागली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही त्याच सुमारास घरच्यांनी रुग्णासोबत राहण्याची पद्धत सुरू केली. तेव्हा मनोशिक्षण हे नाव कुणी घेत नव्हतं.

पुढे चंदीगडमध्ये नरेंद्र नाथ विग आणि लंडनहून आलेले लेफ यांनी त्या टेपचं तंत्र उत्तर भारतात वापरून पाहिलं. १९८७ साली छापलेल्या निष्कर्षांनुसार तिथल्या जेमतेम पाव कुटुंबांत टीकेचा किंवा अति गुंतवणुकीचा सूर वरचा होता. लंडनमध्ये तो जवळपास निम्म्या घरांत होता. खेड्यातल्या घरांत शहरापेक्षाही कमी. वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाणही लंडनपेक्षा कमी निघालं. यावर आपण फार फुशारून जाऊ नये. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत आपली घरं लहान झाली, दार लावून घेतल्यावर आत तीनच माणसं उरली, आणि त्यांतल्या दोघांचा सगळा दिवस तिसऱ्याकडे बघण्यात जाऊ लागला.

पुण्यात १९९७ पासून स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन हेच काम मराठीत करते आहे. संस्थापक डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायचे आणि हा आजार त्यांनी स्वतःच्या घरात बघितला होता. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ चित्रपटामागेही त्यांची खटपट होती. २००४ च्या या चित्रपटात अतुल कुलकर्णींनी साकारलेला शेष आणि त्याला सांभाळणारी बहीण बघताना कित्येक मराठी घरांना आपल्या आतल्या खोलीतल्या माणसाच्या आजाराचं नाव पहिल्यांदा कळलं. संस्थेच्या स्वमदत गटात शुभार्थी आणि शुभंकर, म्हणजे आजारासह जगणारे आणि त्यांना साथ देणारे, एकमेकांचे शिक्षक होतात. गोळ्यांनी वाढलेल्या वजनाबद्दल, लग्नाच्या प्रश्नाबद्दल, ‘आमच्यानंतर याचं कोण’ याबद्दल तिथे जे बोललं जातं ते दवाखान्यातल्या पाच मिनिटांत मावणारं नसतं.

आणि ते बोलायला डॉक्टरच हवा असंही नाही. गोवा, सातारा आणि तमिळनाडूतलं कांचीपुरम इथे २८२ रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. शाळेपुरतं शिक्षण झालेल्या स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवलं गेलं. आजार समजावून सांगणं, गोळ्यांचं वेळापत्रक बसवणं, पुन्हा उलटू नये म्हणून काय करायचं, कामधंद्याकडे आणि माणसांकडे परत कसं वळायचं, गावकऱ्यांच्या टोमण्यांना कसं तोंड द्यायचं, हे सगळं ते घरातच बसून करायचे. मागे मानसोपचारतज्ज्ञ होतेच. वर्षानंतर त्या घरांतल्या रुग्णांचा त्रास आणि परावलंबन नुसत्या दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा कमी झालं होतं. फरक माफक होता, आणि तो सगळ्यात स्पष्ट दिसला कांचीपुरमच्या ग्रामीण भागात. आपल्या जिल्हा रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात सकाळी रांग लागते तेव्हा डॉक्टरांकडे प्रत्येकासाठी तास नसतो, हे खरंच आहे. पण त्याच आवारात एक खोली, काही खुर्च्या आणि दर आठवड्याला ठरलेल्या वारी बसणारा एक प्रशिक्षित माणूस एवढं उभं करणं सरकारला अवघड नाही. रांगेतल्या घरच्यांनी चिठ्ठी हातात घेताना ‘इथे आजार समजावून सांगणारा वर्ग कधी असतो?’ असं दर वेळी विचारावं. जिथे तो नसेल तिथे तर नक्कीच विचारावं.